फळ्यावर राहिलेला हातचा

‘आई, हातचा कावून घ्यायचा गं? कशासाठी?’ लेकीनं वजाबाकीची वही पुढं केली आणि मला वडवणीकडची आमची शाळा आठवली. एक खोली, चार वर्ग, एकटे गुरुजी. आम्हा दुसरीवाल्यांना ते फळ्यावर बावन्न वजा सतरा समजावत होते, तेवढ्यात चौथीत दंगा झाला. ते तिकडं वळले.

‘सांगा रे, दिवस-रात्र कशानं होती?’

चौथीतली पोरं पुस्तकात शोधू लागली. मीच ओरडले, ‘पृथ्वी फिरती म्हनून!’ रोज कानावर पडून पाठ झालं होतं.

‘लई हुशार हाय पोरगी. बस चौथीत!’

मी तोऱ्यात जाऊन बसले, ती कायमचीच. दुसरीची वजाबाकी फळ्यावर अर्धीच राहिली.

तेव्हा ती शाबासकी वाटली. आज वाटतं, एकट्या माणसानं तोंड तरी किती वर्गांकडं करायचं? मी कॉलेजात भूगोल शिकवते. माझा हातचा अजून त्या फळ्यावरच आहे.