आधी हाक, मग कुलूप

माधुरीचा फोन आला तेव्हा मी आंजीच्या आमच्या भाजीच्या वाडीत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होतो. संध्याकाळचे सहा वाजून गेले असतील. "भाऊजी, तुम्ही परत या," एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला बाकीचं कळलं. माझा धाकटा भाऊ, माधुरीचा नवरा गजानन, आमचा गजू, सिंदी मेघेतल्या त्याच्या घरी झोपेतच गेला होता. दोन तासांपूर्वी मी त्याच्याच उशाशी बसलो होतो... पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अशा वेळी काहीतरी मोठं, गंभीर सुचावं अशी अपेक्षा असते. मला सुचलं ते हे, की जुडीला बांधायची दोरी अजून आपल्या दातांत आहे आणि ती काढल्याशिवाय "येतो" म्हणता येणार नाही.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. त्या दुपारी मी वांगी घेऊन गेलो होतो. गजूचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी ते स्पष्टच सांगितलं होतं. त्याला आडवं झोपता येत नसे, तीन उशा पाठीशी घेऊन तो खाटेवर टेकून बसे आणि तसाच पेंगे. त्या दिवशी बोलता बोलता त्याचे डोळे मिटायला लागले. चष्मा कपाळावर ढकलत तो म्हणाला, "दादा, पडतो जरासा. जाताना उठवजो." मी बरं म्हणालो. चार वाजता मी उठलो. सकाळच्या बाजाराचा माल काढायचा होता. दारापाशी जाऊन त्याला हाक मारायला तोंड उघडलं... आणि मिटलं. कित्येक दिवसांनी त्याला अशी शांत झोप लागलेली दिसत होती. मी दार हळूच ओढून घेतलं आणि निघालो.

आजारी माणसाची झोप मोडली नाही यात काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. सगळे तेच म्हणतात. पण आमच्या घरात याबद्दल एक नियम आहे, आणि तो नियम माझ्याचमुळे झालेला आहे.

मी बारा वर्षांचा असेन, गजू सात. वाडीत आमची एक खोपडी, म्हणजे कुडाची झोपडी होती. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, रिकाम्या टोपल्या, बारदाना, सगळं तिच्यात. एका संध्याकाळी बाबांनी मला कुलूप लावून यायला सांगितलं. मी मोठ्या तोऱ्यात कुलूप लावलं, किल्ली कंबरेला खोचली आणि सायकल मारत घरी आलो. जेवायला बसल्यावर आईनं विचारलं, गजू कुठं आहे? मला वाटलं होतं तो बाबांसोबत बैलबंडीत आला, बाबांना वाटलं होतं तो माझ्या सायकलवर आहे. आम्ही दोघं धावत वाडीत गेलो. कुलूप काढलं तर हा बारदान्यावर मांडी घालून मुळा खात बसलेला! टोपल्यांच्या मागं झोपला होता, जाग आली तर दार बंद. माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी ओरडलो, "काऊन बे, रडला काऊन नाई तू? हाका काऊन नाई मारल्या?" तो म्हणाला, "तू येशीनच ना."

बाबांनी मला मारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आजपासून आधी हाक मारजो, मंग कुलूप लावजो." आणि मी ते इतकं मनावर घेतलं की गजू इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, तरी मी खोपडीच्या दारात उभा राहून "गजूऽऽ" अशी हाक मारल्याशिवाय कधी कुलूप लावलं नाही. खोपडी पडली, तिथं विटांचं मोटारघर बांधलं, तरी हाक कायम राहिली. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक हसत. माझी बायको म्हणे, "अहो, भाऊजी पुण्यात आहेत, तिथवर ऐकू जाईन का?" मी म्हणे, सवय आहे.

गजू पुण्यात नेमकं काय करतो हे मला वीस वर्षं सांगता आलं नाही. पाहुण्यांना मी "मोबाइलमध्ये आहे" असं सांगत असे, म्हणजे लोकांना वाटे त्याचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी प्रकृतीमुळे तो सिंदी मेघेला राहायला आला आणि घरूनच काम करू लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं की आता तरी मला समजेल असं सांग. मी बारावीत गणितात दोनदा नापास झालेला माणूस आहे, हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "दादा, मोबाइलच्या आत एकाच वेळी लय गडी राबतात. त्यायले आम्ही थ्रेड म्हणतो. एक मुख्य गडी असते, तो पडद्यापाशी उभा. त्यानं कधी अडकून पडायचं नाई, तो अडकला की मोबाइल गोठला. म्हणून जड कामं दुसऱ्या गड्यायले द्यायची. पण गड्यानं रिकामं असताना काय करायचं? सारखं उठून 'काम आलं का, काम आलं का' पाहत राह्यला तर ब्याटरी खाऊन टाकते. म्हणून त्याले झोपू द्यायचं. काम आलं की कोणीतरी हाक मारते, तो उठते, काम करते, परत झोपते. हे झोपणं-उठणं अखंड चालते, त्याले लूप म्हणायचं. मुख्य गड्याले ही सोय आयतीच भेटते. आपण नवा गडी लावला की त्याची सोय आपल्याले करून द्या लागते. तेच माहं काम."

"म्हणजे गड्यायले झोपवायचा पगार भेटते तुले?" मी विचारलं.

"आन् उठवायचा," तो म्हणाला.

मग त्यानं मला ते करूनच दाखवलं. वाडीत लाईन, म्हणजे वीज, कधी येईल याचा भरवसा नसतो. तिन्ही फेज आल्या की मोटार सुरू करायची, वांग्यांना पाणी द्यायचं. मी दर दहा मिनिटांनी खाटेवरून उठून मोटारघरातला दिवा पाहून येई. गजूनं त्याचा एक जुना मोबाइल मोटारघरात टांगला, त्याला वायर जोडली, आणि लाईन आली की माझ्या मोबाइलवर घंटी वाजेल असा प्रोग्राम लिहायला घेतला. मी शहाणपणा केला. म्हटलं, त्याला दर क्षणाला तपासत ठेव, म्हणजे चुकायची भीती नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी म्हणालो तस्संच केलं. दुपारी बारापर्यंत तो मोबाइल तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम झाला आणि एकच्या सुमारास मरून पडला. "घे," गजू म्हणाला, "हा तुह्यासारखा गडी." संध्याकाळी तोच मोबाइल चार्ज करून त्यानं आत दुसरा गडी लावला, जो निवांत झोपे आणि लाईन आली की त्याच क्षणी उठे. तो मोबाइल एका चार्जिंगवर चार दिवस चालला, घंटी एकदाही चुकली नाही.

या प्रयोगात त्याची एक फजिती झाली, ती मला फार आवडते. काम झाल्यावर त्यानं प्रोग्राम बंद करायला बटण दाबलं तर मोबाइल जागच्या जागी गोठला. पुन्हा दाबलं, तरी तेच. गजू बराच वेळ विचार करत बसला आणि अचानक इतका हसला, इतका हसला की त्याला दम लागला आणि मी पाणी आणायला धावलो. "दादा," तो धापा टाकत म्हणाला, "आतला गडी झोपला हाय. त्याले मी सांगून ठेवलं, हाक येईपर्यंत उठू नको, कितीबी वेळ लागो. आन् बंद करणारा दारात उभा हाय, का हा बाहेर आला का मी कुलूप लावतो. त्याले हाक मारायची कोणी? तो याची वाट पाहून राह्यला, हा त्याची. वीस वर्षं दुसऱ्यायच्या असल्या चुका काढतो मी... आन् घरच्या वाडीत तुहीच चूक केली!" मग त्यानं ते दुरुस्त केलं. कसं केलं ते तेव्हा मी विचारलं नाही.

आजार वाढला तसा मी त्याला दिवसातून पाच-सहा फोन करू लागलो. जेवला का, झोप लागली का, पायावर सूज आहे का. त्यानं उचलला नाही तर पुन्हा, पुन्हा. एकदा त्यानं अकरा मिस कॉल पाहून मला फोन केला. "दादा, तू मले त्या तापलेल्या मोबाइलसारखं करून टाकशीन. अबे, त्या लूपमध्ये एक मजा असते, ऐक. गडी कामात असताना हाक मारली तरी वाया जात नाई. ती तशीच धरून ठेवली जाते. तो हातातलं काम सोडून जरा टेकला का लगेच त्याले भेटते. आन् मधल्या वेळात दहा हाका मारल्या तरी तो एकदाच उठते. म्हणून एकच मारत जा. मले पोहोचते." मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सात फोन केले. माणूस सुधारायला वेळ लागतो...

तर असा मी. साऱ्या जन्मात गरज नसताना हजारो हाका मारल्या, आणि जिथं त्यानं स्वतःच्या तोंडानं "उठवजो" म्हटलं तिथं गप्प राहिलो. दार ओढून घेतलं. तो त्यानंतर जागा झालाच नाही. मी उठवलं असतं तर काय झालं असतं? बहुतेक काहीच नाही. "निघतो रे" म्हणालो असतो, तो "येजो" म्हणाला असता. पण ते "येजो" माझ्या वाट्याचं होतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले, मी वाडीत परतलो. पण मोटारघराला कुलूप लावणं मला जमेना. कुलूप लावायचं म्हणजे हाक मारावी लागणार, आणि हाक घशातून निघेना. हाक न मारता लावायला हात धजेना. दार नुसतं लोटून मी घरी जात होतो. शेजारच्या वाडीतला माणूस दोनदा म्हणाला, "भाऊ, केबल चोरून नेतीन कोणी." मी "हो, हो" म्हणत राहिलो. एक दिवस तर मी घरच्या वाटेवरच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊन परत आलो, कुलूप हातात धरून दारासमोर उभा राहिलो, आणि ते खिशात टाकून निघून गेलो. जवळजवळ महिनाभर ते दार उघडं होतं.

गेल्या रविवारी गजूची मुलगी ऋतुजा वाडीत आली. ती नागपूरला बापाचंच शिक्षण घेते. मोटारघरातल्या मोबाइलची बॅटरी फुगली होती, ती बदलायला मीच तिला बोलावलं होतं. ती म्हणाली, "मोठे बाबा, आधी प्रोग्राम नीट बंद करा लागीन." तिनं बटण दाबलं. मी सवयीनं म्हणालो, "गोठते तो, पाह्यजो." गोठला नाही. पडद्यावर बारीक अक्षरांत एकाखाली एक ओळी उमटल्या. बंद होताना प्रोग्राम काय काय करतो आहे हे तपासायला लिहिणारा अशा ओळी घालून ठेवतो, असं ऋतुजानं सांगितलं. एरवी त्या इंग्रजीत असतात. या मराठीत होत्या.

हाक मारली.
उठला.
हातातलं खाली ठेवलं.
बाहेर आला.
कुलूप.

आणि पडदा काळा झाला. ऋतुजाला खोपडीची गोष्ट माहीत होती, बापानं तिला ती बऱ्याचदा सांगितलेली. तिनं मागचं झाकण उघडून फुगलेली बॅटरी काढली. मी तिला विचारलं, "हाक मारली तेव्हा गडी कामात असला तर?"

"तर ती राहते, मोठे बाबा. तो टेकला का भेटते."

"माहीत हाय मले," मी म्हणालो.

खोपडीच्या दारातून मी चाळीस वर्षं मारलेल्या हाका, तो पुण्यात असतानाच्या, कुठंतरी धरून ठेवलेल्या असतील आणि त्या दुपारी तीन उशांवर टेकल्यावर त्याला एकदम मिळाल्या असतील, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. ही माझी मीच काढलेली समजूत आहे हे मला कळतं. गणितात नापास झालो असलो तरी एवढं कळतं. त्या दुपारची हाक मी मारली नाही ती नाहीच, ती कोणी धरून ठेवलेली असण्याचा प्रश्न नाही. पण संध्याकाळ झाली होती, नवी बॅटरी बसली होती, गडी पुन्हा आपल्या जागी निवांत झोपला होता, आणि पोरीला बसपर्यंत सोडायचं होतं.

मी कुलूप खिशातून काढलं. दारात उभा राहिलो. ऋतुजा माझ्या बाजूला.

"गजूऽऽ," मी हाक मारली. एकच.

थोडं थांबलो. मग कुलूप लावलं.