फिलिपिन्समधल्या मुलाच्या वाट्याचे रोट

श्रावण लागला आणि आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवीच्या पुरणाच्या रोटांसाठी दळणाची गडबड सुरू झाली, की एक केस मला हटकून आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले निम्मे आता धड आठवतही नाहीत. ही केस मात्र डोक्यातून जात नाही. गंमत म्हणजे तिच्यात गुन्हाच नव्हता.

निवृत्ती जवळ आली होती. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी प्रभारी होतो. गुडघे कुरकुरत होते, रजा शिल्लक होती आणि ती कधीच मंजूर होणार नाही हेही माहीत होतं. सरळ सांगायचं तर मी दमलो होतो. त्या सकाळी ठाण्यात शिरलो, तर ठाणे अंमलदार एका वयस्क जोडप्याशी हुज्जत घालत होता.

"साहेब, यांचा मुलगा हरवलाय म्हणे. पण फिलिपिन्समध्ये. ते आपल्या हद्दीत कुठं येतं?"

"बसव त्यांना आत," मी म्हणालो. नदीत सापडलेलं प्रेत या काठाचं की त्या काठाचं, यावर घसा कोरडा होईस्तोवर भांडणारे अधिकारी मी पाहिले होते. तसा मीही भांडलो होतो. आता तेवढा उत्साह उरला नव्हता.

नवरा केळीवाला शेतकरी होता, यावलकडचा. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मुलगा डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी फिलिपिन्सला गेलेला, तिथल्या दक्षिणेकडच्या एका शहरात. रोज संध्याकाळी आईला त्याचा फोन यायचा.

"साहेब, तिथी भूकंप झाला," बाप सांगू लागला. "टीव्हीवर पाह्यलं म्या, त्याच्याच गावात. अन्‌ त्याच संध्याकाळी पोरगा मायले सांगते, कॉलेज झालं, जेवण झालं, सगळं ठीक आहे. म्या फोन हातात घेतला. म्हटलं, अरे, तिथी तर इमारती पडल्या ना? त्यानं फोनच कापला. तवापासून बंद आहे."

"त्याले कोनी तरी धरून ठेवलं साहेब," आई म्हणाली. "कोनी तरी त्याच्याकडून बोलवून घेऊ राह्यलं. माह्या पोराचा आवाज मले समजते."

मी मिसिंगची तक्रार दाखल करायला सांगितलं आणि रायटरला जबाब घ्यायला बसवलं. आईचा जबाब लिहिताना रायटरचा हात दुखला असेल. ही बाई शिर्डीच्या पुढे कधी गेली नव्हती, पण फिलिपिन्स तिला भुसावळइतकं पाठ होतं. तिकडे तिन्ही त्रिकाळ भात. लांबोळक्या जीपगाड्यांत समोरासमोर बसायचं आणि भाड्याची नाणी एकाने दुसऱ्याच्या हातात देत ड्रायव्हरपर्यंत पोचवायची. वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्याला 'पो' लावायचं, नाहीतर पोरगा उद्धट ठरतो. आपल्या माणसाला तिथले लोक 'बुंबाय' म्हणतात, मग तो मुंबईचा असो की यावलचा. वादळाला नंबर असतात, आणि मोठा नंबर लागला की शाळा बंद. दर वर्षाच्या सुरुवातीला परक्या माणसाने सरकारी कचेरीत रांगेत उभं राहून मी अजून इथेच आहे असं सांगून यायचं. हे सगळं तिला मुलाने सांगितलं होतं. जीपवाल्यांचा संप असला की तो कॉलेजला कसा जाईल, याची काळजी ती इकडे केळीच्या बागेत बसून करायची.

आमचं काम सुरू झालं. फोनचा परदेशी नंबर बंद. बोलणं सगळं इंटरनेटवरून, त्यामुळे कॉल रेकॉर्डमध्ये काही नाही. सायबर सेलने ॲपच्या कंपनीला मेल टाकला. वकिलातीला पत्र गेलं, इमिग्रेशनला विचारणा गेली. अशा पत्रांची उत्तरं कधी येतात हे पोलिसांना माहीत असतं, म्हणून आम्ही त्यांच्या भरवशावर बसत नाही.

खबर मिळाली ती मुलाच्या वर्गमित्राकडून. तो चोपड्याचा, तिकडेच शिकत होता. भूकंपानंतर अंगणात चादर टाकून झोपतोय म्हणाला. आमचा फोन गेला तर आधी घाबरला, मग बोलता झाला.

"सर, तो वर्षभर कॉलेजला नाही. कुठं गेला कुणाला माहीत नाही. इथं ऑनलाइन जुगाराच्या कंपन्या होत्या ना, धाड पडून बंद झाल्या त्या? आता त्या लपूनछपून चालतात. बाहेरच्या पोरांना कामाला घेतात आणि पासपोर्ट काढून घेतात. आमच्यात बोलतात, तो तिकडेच गेला."

अशा कोंडवाड्यांत अडकलेल्या आपल्या पोरांच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. त्यांच्याकडून दमदाटी करून घरी गोड बोलवून घेतात, हेही वाचलेलं होतं. आईचा संशय खरा दिसत होता. ही माहिती बापाला मी सांगितली नाही.

मुलाला ज्याने पाठवलं तो जळगावचा एजंट बोलावून घेतला. मी एक साधा नियम पाळत आलो: प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. शांतता माणसाला सोसत नाही, तो स्वतःच बोलतो. एजंटही थोडा वेळ रुमालाने कपाळ पुसत बसला आणि मग बोलला. आपल्याकडचे नियम मध्येच बदलले होते. तिकडच्या कोर्सची पहिली काही वर्षं इथे धरणार नाहीत असं झालं होतं. बरीच पोरं सैरभैर झाली; काही दुसऱ्या देशात गेली, काही परतली.

"हा परतला का?"

"तेवढं आम्ही बघत नाही सर. सीट मिळाली की आमचं काम संपतं."

त्याला बाहेर काढताना मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी मुलाच्या गावी गेलो. घर पाहिल्याशिवाय माणूस कळत नाही, असा माझा अनुभव. ओट्यावर चुलते, भाऊबंद जमले होते. "डॉक्टरचं काही कळलं का साहेब?" प्रत्येकाने हेच विचारलं. मुलाचं नाव तिथे कोणी घेतच नव्हतं. आत कानबाईची चौरंगावरची आरास नुकतीच हलवलेली दिसत होती. आईने पाणी दिलं आणि भडभडून बोलू लागली.

"कानबाईच्या दळणात त्याच्या नावाचे सव्वा मूठ गहू टाकले म्या. त्याच्या वाट्याचे रोट ताई धुळ्याले घेऊन गेली. म्हने, तिच्या वळखीचं पोरगं तिकडे चाललं, त्याच्यासंगं देते. मागच्या सालीबी तिनंच पाठवले."

ताई म्हणजे मुलाची मोठी बहीण, धुळ्याला दिलेली. मी मान हलवली, पाणी संपवलं आणि निघालो. डोक्यात फक्त ते कोंडवाडे होते.

घरी आलो तर माझी लेक सासरहून आलेली. आमच्याकडेही रोट शिल्लक होते. माझ्या बायकोने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि लेकीसाठी निराळी पोळी लाटायला घेतली. लेक हसत म्हणाली, "आई, एक घास दे ना गं, कोण बघतंय?"

"कानबाई बघते," बायको म्हणाली. "तू आता त्यांच्या घरची. तुझे रोट तुझ्या सासरी."

माझा हात ताटातच राहिला. खानदेशात ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना हे सांगावं लागत नाही. रोट कुळातल्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्या पोराच्या बॅगेत घालून विमानाने पाठवायची ही वस्तूच नव्हे. गेलेच तरी पुरणाचा तो जिन्नस पोचेपर्यंत आंबून जाईल. आणि दिलेली लेक स्वतः ते तोंडात घालणार नाही, नवऱ्यालाही घालू देणार नाही. मग दोन वर्षं धुळ्यात ते खात होतं कोण? यावलच्या त्या कुळातला पुरुष धुळ्यात एकच असू शकत होता.

दुसऱ्या दिवशी महिला शिपाई बरोबर घेऊन, साध्या वेशात, खासगी गाडीने धुळ्याला गेलो. कोपऱ्यात सापडलेलं पोर खाकी बघून काय करील याचा नेम नसतो. बहीण घरी एकटीच होती. मी विचारलं, "ताई, रोट कोणाबरोबर पाठवले?"

"आहे एक... वळखीचा."

"नाव?"

ती भिंतीकडे बघत राहिली. मी गप्प. महिला शिपाईही गप्प. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग ती एकदम रडायलाच लागली.

"साहेब, त्यानं शपथ घातली मले. म्हने, घरी सांगितलं तर पुन्हा तोंड नाही पाहशील माहं. फोन बंद केल्यापासून तर दारबी उघडत नाही नीट. माय तिकडे रडू राह्यली, हा इकडे असा. म्या काय करू?"

"मग रोट कशाला आणलेत?"

"तो इथी जित्ता असताना त्याचा वाटा गायीले घालू? नाही झालं माह्यानं."

त्याची खोली धुळ्याच्या देवपूर भागात एका बोळात होती. घरमालकीण दळण निवडत ओट्यावर बसलेली. "तो पोऱ्या? चांगला शे भाऊ," ती अहिराणीत म्हणाली. "लॅबमा काम करस. घरोघर जाईसन रक्त घेस लोकेसनं. पन चार रोज झाले, बाहेर निंघत नही."

बहिणीने हाक मारली. बऱ्याच वेळाने कडी निघाली. दाढी वाढलेला, बनियनवरचा मुलगा. मागे पंख्याच्या हुकाकडे माझी नजर आपोआप गेली. ती सवय नोकरी लावते. हुकाला पंखाच होता. मी त्याच्या खाटेवर बसलो.

तो काही लपवत बसला नाही. दमलेली माणसं बहुधा लपवत नाहीत. नियम बदलल्यावर तो परतला, मुंबईला उतरला, जळगावचं तिकीट काढायला रांगेत उभा राहिला आणि धुळ्याच्या गाडीत बसला. आठवड्यात सांगू म्हणाला, मग दिवाळीनंतर, मग राहिलंच. रोज सकाळी तो तिकडच्या बातम्या वाचायचा: पाऊस किती, तांदूळ किती महागला, जीपवाल्यांचा संप आहे का, लाइट कुठे गेली. संध्याकाळी तेच आईला सांगायचं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून व्हिडिओवर खोलीत अंधार करून बोलायचं.

"परीक्षेसाठी पण इतका अभ्यास केला नव्हता सर," तो म्हणाला. "त्या दिवशी लॅबला गर्दी होती. बातम्या बघायच्या राहिल्या."

मला हसू आलं नाही. उलट राग आला, आणि तो नक्की कोणावर, हे ठरवता येईना. एजंटवर, नियमांवर, की पोराला नावाने हाक मारायचं विसरलेल्या त्या ओट्यावर?

आई-बापाला धुळ्यालाच बोलावून घेतलं. आईने त्याला धरलं ते सोडेचना. बाप दारातच थांबला. बराच वेळ खोली बघत राहिला: खाट, स्टोव्ह, दोरीवरचे कपडे. मग मला बोळात बाजूला घेऊन गेला.

"साहेब, एक विनंती होती. गावात सांगितलं की तुम्ही त्याले फिलिपिन्समधून सोडवून आनलं, तिथल्या गुंडांच्या तावडीतून, तर चालीन का? तुमचंबी नाव होईन."

इतक्या वर्षांत मला लोकांनी नाना गोष्टी मागितल्या, पण ही मागणी ऐकून मी खचलो. आपला मुलगा गुंडांनी डांबला होता असं सांगायला हा बाप तयार होता. तो धुळ्यात रक्ताच्या बाटल्या घेऊन फिरत होता, असं सांगायला नव्हता.

"आबा, स्टेशन डायरीत जे घडलं तेच लिहिलं जाईल," मी म्हणालो. "गावात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

मुलगा आमच्यामागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याने ऐकलं होतं.

"पप्पा, नका," तो म्हणाला. "मग गावातला जो तो विचारणार, तिकडं काय झालं, कसं झालं. मले रोज नवीन सांगावं लागीन. आता नाही होत माह्याकडून."

मी माझं काम संपलं असं समजून गाडीकडे वळलो. त्या केसने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं, तर छातीठोक असं काही सांगता येत नाही. पुढे ठाण्यात मुलगा परदेशी आहे, मजेत आहे, असं कौतुकाने सांगणारे आई-बाप भेटले, की मी विचारायचो, घरी यायला त्याला भीती वाटत नाही ना? लोकांना तो प्रश्न आवडायचा नाही. निवृत्त झाल्यावरही मी तो विचारतो, आणि लोक चहा न घेता उठून जातात.

गाडीचं दार उघडलं तेवढ्यात बापाचा फोन वाजला. ओट्यावरून चुलते विचारत असणार. त्याने मुलाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि फोन कानाला लावला.

"हो, सापडला," तो म्हणाला. "तब्येत बरी आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. कपाळावरचा घाम त्याने उपरण्याने टिपला.

"नाही, फिलिपिन्समध्ये नाही," तो म्हणाला. "इथीच व्हता. धुळ्यात."

पलीकडून पुन्हा विचारलं गेलं असावं.

"हो. धुळ्यातच."