फ्लोरोच्या खिशातला रेझर

शनिवारी सकाळी दहा वाजता नेल्ली मेदेरोस न्हाव्याच्या दुकानात आली आणि आरशाखालच्या फळीवर तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू ठेवली. ओरोस्मान बिदेगाइन तेव्हा दाढीचा ब्रश धूत होता. त्यानं डाव्या हातानं कागद उलगडला आणि तो आहे तिथंच थिजला. ब्रशचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी त्याला त्याचा पत्ता नव्हता.

कागदात दाढीचा रेझर होता. निकेलचा मुलामा उडालेला, आतलं पितळ हिरवं कळकलेलं. अकरा वर्षांपूर्वी हाच रेझर ओरोस्माननं स्वतःच्या हातानं नेल्लीच्या बापाच्या कोटाच्या वरच्या खिशात ठेवला होता. बाप, म्हणजे फ्लोरो मेदेरोस, तेव्हा शवपेटीत होता.

नेल्लीनं शांतपणे सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. नगरपालिकेनं स्मशानातल्या जुन्या रांगेतले, शवपेट्या ठेवायचे भिंतीतले कोनाडे मोकळे करायला सांगितले होते. काल बापाच्या अस्थी काढल्या, आज संध्याकाळी पाच वाजता त्या लहान पेटीत घालून भिंतीत बंद करायच्या. कोटाचं काही उरलं नव्हतं, रेझर मात्र सापडला. घरी नेऊन ती घासायला बसली, तर दांड्याच्या बुडाची चकती सैल झाली.

"आणि आत हे होतं," ती म्हणाली.

तिनं बुडाची चकती पिळून काढली. पोकळ दांड्यातून पत्र्याची एक बारीक गुंडाळी फळीवर पडली. ओरोस्माननं चष्मा लावून ती उलगडली. खिळ्यानं कोरलेली अक्षरं होती. देओलिंदो सोसा.

ओरोस्मान खुर्चीत बसला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. पन्नास वर्षांत तो त्या खुर्चीत कधी बसला नव्हता.

पासो सेको गावात प्रत्येक पुरुषाचा रेझर न्हाव्याच्या दुकानात असे. ओरोस्मानच्या बापानं चोवीस भोकांची लाकडी फळी करून भिंतीला ठोकली होती. ज्याचं भोक त्याचा रेझर. दुसऱ्याचा रेझर आपल्या गालाला लागणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोच्या कुशीत सापडण्यासारखं, असं बाप म्हणायचा, आणि म्हणताना आईकडे बघायचा नाही. माणूस मेला की न्हाव्यानं घरी जायचं, गरम पाण्यानं, साबणानं, त्याच्याच रेझरनं त्याची शेवटची दाढी करायची, मग ब्लेड काढून घेऊन रेझर त्याच्या खिशात ठेवायचा. मेलेल्याला ब्लेड द्यायचं नसतं. का, ते बापानं सांगितलं नाही आणि ओरोस्माननं विचारलं नाही.

चौदाव्या वर्षी ओरोस्मान बापाच्या हाताखाली उभा राहिला. पहिलं वर्षभर त्याला फक्त फेस करू दिला. वाटीत ब्रश किती फिरवायचा, पाणी कधी थांबवायचं, कुणाच्या कातडीला टॉवेल किती गरम सोसतो. मग रेझर हातात आला आणि त्याचा हात गावात नावाजला. लग्न झालं, इर्मा आली, इर्मा गेली, एक मुलगी शिकून राजधानीत, मोन्तेविदेओला राहिली. तरुण पोरं कोपऱ्यावरच्या मशीनवाल्या सलूनकडे वळली. ओरोस्माननं कशाचंच फार मनाला लावून घेतलं नाही. एक गोष्ट तो बढाईनं सांगायचा: माझ्या फळीवरचा रेझर कधी बदलला नाही.

आणि बदलला होता तो नेमका ह्या दोघांचा.

फ्लोरो आणि देओलिंदो एकमेकांचं तोंड बघत नसत. फ्लोरोचं लग्न देओलिंदोच्या बहिणीशी ठरलं होतं. लग्नाला तीन दिवस असताना तो दुसऱ्या गावची बायको करून आला, तीच नेल्लीची आई. बहीण महिनाभर रडली, मग मोन्तेविदेओच्या एका टपाल खात्यातल्या माणसाशी लग्न करून मजेत राहिली. पुढं पुढं तर नव्या वर्षाला नेल्लीच्या आईला शुभेच्छांचं कार्डसुद्धा धाडायची. पण देओलिंदोनं तिच्या वाटचा राग मुदत ठेवीसारखा सांभाळला. तो फ्लोरोशी बोलला नाही, त्याच्या मयताला गेला नाही, नेल्लीशी ती जन्मल्यापासून एक शब्द बोलला नाही. म्हणून ओरोस्माननं फ्लोरोला शनिवारी सकाळी दहाची वेळ दिली होती आणि देओलिंदोला दुपारी तीनची. खुर्ची एक, पण मधे पाच तासांचं अंतर.

रेझर दोघांनी एकाच लोखंडी सामानवाल्याकडून घेतले होते, एकाच खोक्यातले. त्या दुकानदाराला नावं कोरून दांड्यात घालायची हौस होती, हे ओरोस्मानला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

फ्लोरो गेला त्या आठवड्यात दुकानाला चुना लावायचं काम चाललं होतं. फळी खाली काढलेली, सगळे रेझर एका घमेल्यात. निरोप आला तसा ओरोस्मान पिशवी घेऊन धावला. आता खुर्चीत बसून त्याला ते घमेलं स्पष्ट दिसत होतं. त्यानं हात घातला होता आणि उचलला होता. बघितलं कुठं होतं?

तो उठला. फळीवरचा देओलिंदोच्या भोकातला रेझर काढून त्यानं बुडाची चकती पकडीनं पिळली. ती कुरकुरत सुटली. आतून तशीच गुंडाळी निघाली. फ्लोरो मेदेरोस.

मग त्यानं तो रेझर उजेडात आडवा धरला, आणि दुसरा धक्का बसला तो पहिल्यापेक्षा मोठा होता. ब्लेड जिथं बसतं तिथली फट नेहमीपेक्षा रुंद होती. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी, फार नाही. खालच्या पट्टीवर कानशीचे बारीक ओरखडे होते. फ्लोरोची दाढी तारेसारखी होती, त्यानं सामानवाल्याकडून पट्टी घासून घेतली असणार. त्याच्या राठ कातडीला ते मानवलं, आणि हाताला सवय होऊन ओरोस्मानला ते कधी जाणवलं नाही. देओलिंदोची कातडी मात्र लोण्यासारखी.

अकरा वर्षं दर शनिवारी देओलिंदोच्या हनुवटीखाली रक्त यायचं. दर शनिवारी तो म्हणायचा, "म्हातारा झालास तू." ओरोस्माननं तुरटी लावली, झेंडूच्या फुलांचं मलम केलं, दाढीआधी बदामाचं तेल चोळून बघितलं. काही उपयोग होईना, तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं की आपला हात गेला. देओलिंदो तोंडावर बोलतो, बाकीचे भिडेपोटी बोलत नसतील. म्हणून बाकीच्यांना त्यानं एकेक करून ज्याचा त्याचा रेझर परत दिला आणि सलूनकडे पाठवलं. उरला एकटा देओलिंदो, कारण तो जायला तयार नव्हता. कापून घेईन, पण त्या गुणगुणत्या यंत्राखाली मान देणार नाही, म्हणायचा.

म्हणजे हात कधी गेलाच नव्हता.

नेल्लीला ह्या फटीबिटीशी कर्तव्य नव्हतं. तिला बापाचा रेझर बापाच्या पेटीत हवा होता, पाचच्या आत. "त्या म्हाताऱ्याला काही सांगू नका, डॉन ओरोस्मान," ती म्हणाली. "तुम्ही ह्याला घासा, उकळा, त्याच्या भोकात ठेवा. त्याला काय कळतंय? नाहीतर माझ्या बापाच्या हाडांसमोर येऊन तमाशा करील."

ओरोस्माननं मान हलवली. पुसून, बांधून पाचच्या आत आणून देतो म्हणाला.

त्यानं देओलिंदोचा रेझर लिंबू आणि राखेनं घासला, दोन तास उकळला. पितळ सोन्यासारखं निघालं. फ्लोरोचा रेझर पुसून, ब्लेड काढून, कागदात बांधून त्यानं आरशाखालच्या फळीवर ठेवला. दाढी आटोपली की स्वतःच स्मशानात नेऊन द्यायचा होता. सांगितलं तर देओलिंदो पुन्हा पायरी चढणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि देओलिंदो गेला की दुकान कुणासाठी उघडायचं?

तीन वाजता देओलिंदो आला. काखेत थर्मास, हातात येर्बाचा कडू चहा भरलेला वाळक्या भोपळ्याचा पेला. नळीनं शेवटचा घोट ओढून त्यानं तो खिडकीत ठेवला, खुर्चीत बसला, डोळे मिटले. ओरोस्माननं गरम टॉवेल ठेवला, काढला. तेल चोळलं. फेस केला आणि गालावर चढवला. घासलेल्या रेझरमध्ये नवं ब्लेड घातलं.

रेझर गालापासून बोटभर अंतरावर थांबला. ही वस्तू काल संध्याकाळपर्यंत प्रेताच्या छातीवर होती. जिवंत माणसाला न सांगता ती त्याच्या तोंडाला कशी लावायची?

"काय झालं?" देओलिंदोनं डोळे न उघडता विचारलं. "फेस वाळतोय."

"तुला एक सांगायचंय."

"दाढी झाल्यावर सांग. बोललो की साबण तोंडात जातो."

"झाल्यावर सांगून उपयोग नाही."

आणि ओरोस्माननं सांगितलं. घमेल्यापासून कानशीपर्यंत, काही न लपवता. आरशातल्या देओलिंदोचे डोळे हळूहळू उघडत गेले. पांढऱ्या फेसात फक्त ते दोन डोळे उरले होते.

"कुणाचा?" त्यानं पुन्हा विचारलं, जणू ऐकलंच नव्हतं.

"फ्लोरोचा."

"अकरा वर्षं?"

"हो."

"आणि माझा त्याच्या उराशी."

देओलिंदो उठला. गळ्यातला कपडा तसाच, तोंडभर फेस तसाच. त्यानं फळीवरची कागदाची पुडी उचलली, मुठीत धरली आणि दाराबाहेर पडला.

ओरोस्मान एका हातात ब्रश, दुसऱ्यात घासलेला रेझर घेऊन मागं धावला. चौकात तळलेल्या पोळ्या विकणाऱ्या बाईचा झारा हातातच राहिला. सलूनच्या दारातली पोरं बघत राहिली. शहात्तर वर्षांचा देओलिंदो सोसा फेसाळलेलं तोंड घेऊन स्मशानाच्या रस्त्यानं ताडताड चालला होता, आणि वाटेत भेटलेल्या तिघांच्या नमस्काराला त्यानं उत्तर दिलं नाही. ओरोस्माननं दोनदा हाक मारली. मग त्याला धाप लागली.

स्मशानात ब्रॉलिओ गवंडी घमेल्यात सिमेंट कालवत होता. जस्ताची लहान पेटी पायरीवर होती, झाकण उघडं. नेल्लीनं त्यांना येताना पाहिलं आणि ती पेटीच्या पुढं आडवी उभी राहिली. ओरोस्मानकडे तिनं असं पाहिलं की त्याला जमीन फाटली तर बरं असं वाटलं.

देओलिंदो तिच्यासमोर थांबला. फेस वाळून त्याचे पापुद्रे निघत होते.

"पोरी," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी बोलत होता. "तुझ्या बापानं मला मेल्यावर अकरा वर्षं कापलं."

"बापानं नाही, ह्यांनी," नेल्ली म्हणाली. ती जागची हलली नाही. "आणि माझा बाप काय सुखानं पडला होता? तुमचा रेझर उरावर घेऊन? उठता आलं असतं तर तोच आला असता तुमच्या दारात भांडायला."

ब्रॉलिओची थापी थांबली. देओलिंदो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या गालावरचे पापुद्रे हलले, एक तुकडा छातीवर पडला. तो हसत होता की काय, हे ओरोस्मानला आधी कळलंच नाही. चाळीस वर्षांत ह्या माणसाला फ्लोरोच्या नावावर हसताना त्यानं पाहिलं नव्हतं.

"आला असता," देओलिंदो म्हणाला. "हलकट होता, पण भित्रा नव्हता." तो पायरीवर, पेटीच्या शेजारी बसला आणि मुठीतली पुडी त्यानं ओरोस्मानपुढं धरली. "घे. दाढी राहिलीय."

"इथं?"

"पाचला हे लिंपणार ना? त्याच्या रेझरनं कर. शेवटची. सवय झालीय मला त्याची."

ओरोस्मानला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. त्यानं नेल्लीकडे पाहिलं. तिनं भिंतीशी ठेवलेला ब्रॉलिओचा चहाच्या पाण्याचा थर्मास उचलला, झाकण काढलं आणि ब्रशवर गरम पाणी ओतलं.

फेस पुन्हा चढला. ओरोस्माननं एका रेझरमधलं ब्लेड काढून दुसऱ्यात घातलं, पेच आवळला. आता त्याला फट ठाऊक होती. त्यानं दांडा नेहमीपेक्षा गालालगत कलता धरला, मनगटाचा भार काढून घेतला, रेझरच्याच वजनानं त्याला खाली येऊ दिलं. एक गाल झाला. दुसरा झाला. मग हनुवटीखालून रेझर फिरला. रक्ताची वाट बघत त्यानं क्षणभर बोट तिथंच ठेवलं. रक्त आलं नाही. त्यानं पुन्हा पाहिलं. आलं नाही.

देओलिंदोनं तळवा फिरवला, बोटं बघितली, पुन्हा फिरवली.

"गाढवा," तो सावकाश म्हणाला, "तुझा हात तर जसा होता तसाच आहे."

ब्लेड काढून ओरोस्माननं रेझर पुसला आणि नेल्लीच्या हातात दिला. तिनं तो पेटीत ठेवला. ब्रॉलिओनं, काय विचारावं ते न कळून, एकच जाणार की दोन्ही, असं विचारलं.

"एकच," म्हणत देओलिंदोनं आपला घासलेला रेझर उचलून ओरोस्मानच्या अॅप्रनच्या खिशात सरकवला. "हा शनिवारपर्यंत अजून दोनदा उकळ. तीनला येतो."

ओरोस्माननं मान डोलावली. तो तिथंच, पायरीवर, देओलिंदोच्या शेजारी टेकला, आणि झाकण लागून सिमेंटचा शेवटचा थर बसेपर्यंत तिघांपैकी कुणीच तिथून हललं नाही.