उपटेकाका आणि न उपटलेली केबल

आमच्या काकांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. बाकी सगळे त्यांना उपटेकाका म्हणतात. कॉम्प्युटर अडला, उपट वायर. प्रिंटर रुसला, उपट. एकदा पंखा कुरकुरला तर त्यांनी फ्रिजची उपटली, कारण ती हाताशी होती. वायर परत खोचून ते हात झटकत म्हणायचे, "झालं!" कधीकधी खरंच व्हायचं. त्यानंच घात केला.

काकूचा भरतकामाचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. आत बारा सुयांचं मशीन. बाहेर त्याला केबलनं नक्षी पुरवणारा लिनक्सवरचा कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर काकांची खुर्ची. मध्येच केबल सुटली की मशीन थांबतं, सुई जागा विसरते आणि कापड फरशी पुसायच्या लायकीचं उरतं. मागच्याच महिन्यात काकांनी एका शाळेचा झेंडा असा फरशीला लावला होता. तेव्हा काकूनं बजावलं होतं, "अहो, आणखी एक कापड गेलं ना, तर ही खुर्ची विसरा. आत बसून सुटे धागे कापायचे."

काकांचा जीव त्या खुर्चीत. तिच्यात बसले की ते तंत्रज्ञ, उठले की नुसते काकूचे यजमान.

त्या दिवशी सकाळपासून नाट्यगृहाच्या पडद्यावर जहाजाचं भरतकाम चाललं होतं. निळा समुद्र संपायला चाळीस मिनिटं होती, मग मशीन आपसूक शिडाला हात घालणार. आणि शीड चुकलेलं! वारा एकीकडून, फुगवटा भलतीकडे. चित्रकारानं दुरुस्त शीड मेलवर पाठवलं होतं, ते उतरेना. याच केबलवरून येणारं जुनं इंटरनेट बंद पडलं होतं, म्हणून कालच नवं वायफाय घेतलेलं. पण कॉम्प्युटर सवयीनं सगळं आधी केबलकडेच मागायचा, आणि केबलच्या टोकाला आता मशीन सोडून काही नव्हतं.

"एक मिनिट," म्हणत काकांचा हात कॉम्प्युटरच्या मागे गेला.

"अहो, हात!" काकू ओरडली.

हात परत आला. मग आयुष्यात पहिल्यांदा काकांनी उपटण्याआधी कॉम्प्युटरमधलीच मदतीची पानं वाचली. प्रत्येक जोडणीला प्राधान्याचा आकडा असतो म्हणे. केबलला शंभर, वायफायला सहाशे.

"सहाशेला सोडून शंभरकडे जातोय! फार लाडावलीय ही केबल." त्यांनी शंभराचे दहा केले. मेल ढिम्म.

काकूनं विचारलं, "दवाखान्यात तुमचा नंबर शंभर आणि माझा दहा. आत आधी कोण जाणार?"

"तू."

"मग?"

काकांनी गुपचूप दहाचे सातशे केले. वायफायचाच आकडा उतरवला असता तर केबलला बोटही लावावं लागलं नसतं. पण काकांना जगात केबलच दिसते. तरीही ढिम्म. बदल लागू व्हायला जोडणी तोडून परत जोडा, असं कुठल्याशा पानावर होतं. काकांचा चेहरा उजळला. "बघ, तेसुद्धा उपटाच म्हणतायत!"

"ते येणार नाहीत धागे कापायला."

काका खाली वाचत गेले. तळाशी रीअप्लाय नावाचा हुकूम सापडला. चालू जोडणी न तोडता नवा आकडा लागू करणारा. त्यांनी तो एका बोटानं टंकला, डोळे मिटले आणि एंटर दाबलं. आतली खटखट चालूच राहिली. मेल उतरला. समुद्र संपायला सहा मिनिटं असताना नवं शीड मशीनमध्ये गेलं.

खुर्ची वाचली. पण दुसऱ्या दिवशी पाहतो तर काकूनं ती केबल जाड कापडात घालून टेबलाच्या आच्छादनाला दुहेरी टाक्यांनी शिवून टाकलेली. उपटायची तर आधी उसवा.

काका आता ते टाके येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवतात. म्हणतात, "सुरक्षा! माझीच कल्पना."