चिंचेच्या पाण्यातला हार

शिंपल्याला आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, काहीही लागलं की वरची झळाळी जाते आणि खाली खडूसारखं पांढरं उरतं. शिंपले कोरून दागिने करायला लागले, त्या पहिल्याच वर्षी सहा लोलक घालवून मी हे शिकले. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही कोणाला सांगितलं नाही.

माझे शिंपले वैनगंगेचे. भंडाऱ्याकडचा एक मासेमार पोतं घेऊन शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला माझ्या घरी यायचा. मी एकेक शिंपला उन्हात धरून बघायची आणि अर्धे परत करायची. "बाई, तुमच्यापेक्षा नदी बरी," तो कुरकुरायचा, "ती तरी निवडून नाही घेत." मी म्हणायची, "मग नदीलेच विक." मी अशीच आहे. भाजीवालीपासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांशी भांडून मी इथवर आले.

फक्त एका ठिकाणी गप्प बसले. शहरातल्या सदर भागात चांदीच्या दागिन्यांचं दुकान असलेल्या मॅडम माझं काम विकायच्या. पहिल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे कोरतं कोण? "मीच," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही पॉलिशवाली." तेव्हा माझ्या दोन बोटांना कानशीच्या जखमांच्या पट्ट्या होत्या. बोलले असते तर विक्रीचं ते काउंटर गेलं असतं, आणि हुडकेश्वरात माझ्या दारी येऊन कोणी हार घेणार नव्हतं. दोन वर्षं मी 'पॉलिशवाली' राहिले.

मग तो हार केला. पळसाची एकवीस पानं, प्रत्येकाच्या शिरा वेगळ्या. धूळ छातीत जाऊ नये म्हणून पाण्याची धार सोडून कापायचं, मग बारीक कानस. दोन महिने गेले. इतकं चांगलं मी आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

त्या दुपारी मी कानातले द्यायला दुकानात होते. धंतोलीच्या एक डॉक्टरबाई मुलीच्या साखरपुड्यासाठी तो हार हातात घेऊन बसल्या होत्या.

"हा तुम्ही केला?"

"डोळे गेले माझे याच्यात," मॅडम म्हणाल्या.

"सुंदर आहे. फक्त ही चांदीची कडी काळी पडली आहे."

"अभी चमकवते. तुम्ही चहा घ्या. तू पण घे वं."

चांदी चमकवायची त्यांची एकच रीत, गरम पाण्यात कोळलेली चिंच. वाडगा काउंटरवर आला आणि त्यांनी कडीबरोबर अख्खा हार आत सोडला.

'नका' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं मी. मग चहाचा घोट घेतला. पानांवर बारीक बुडबुडे धरू लागले. मॅडम डॉक्टरबाईंना सांगत होत्या, पळसाच्या शिरा कोरायला किती धीर लागतो. मी चहा संपवला. बशीतलाही प्यायले.

हार बाहेर निघाला तेव्हा कडी लखलखत होती. पानं पांढरीफटक, शिरा बुजलेल्या.

मॅडमचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांगितलं काहून नाही वं?"

"मी काय सांगू? मी पॉलिशवाली. हार तर तुम्हीच केला न, मॅडम?"

डॉक्टरबाईंनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्या बोटांवरच्या कानशीच्या जखमांकडे.

"तुम्ही केलाय हा."

"हो."

"आणि खराब होणार हे माहीत होतं?"

"होतं."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, दुसरा करून द्या. त्यांनी पर्स उचलली आणि आम्हा दोघींकडेही न बघता निघून गेल्या. त्या गिऱ्हाईक म्हणून मला कधीच मिळाल्या नाहीत. सदरचं काउंटरही त्याच दिवशी गेलं.

हार मी मागून घेतला. मॅडमनी तो डबीत घालून दिला. लोक विचारतात, स्वतःचं काम डोळ्यांदेखत जाताना हळहळ नाही वाटली? वाटली. तरी पुन्हा तो वाडगा समोर आला, तर मी आधी चहाच घेईन.