गुलाल लागलेली हलगी

"ए वस्ताद, विझव बे ती आग! आत गॅसच्या टाक्या हायेत, उडलो तर समदे संगंच उडू!"

चौसाळ्याच्या फाट्यावरचा हॉटेलवाला हातातला झारा नाचवत बाहेर आला. त्याचा आवाज असा, की कढईतली भजी न तळताच कुरकुरीत व्हावीत. माझा मामा मात्र हॉटेलसमोरच्या मोकळ्या जागेत तुराट्यांचा जाळ करून उकिडवा बसला होता आणि जाळावर हलगी धरून ती सावकाश फिरवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "गाडी आल्यावर हलगी गार घेऊन बसू का?"

गाडी म्हणजे पुण्याच्या एका गणपती मंडळाची पिकअप. गणपती बसायच्या आदल्या दिवशी ती मांजरसुंब्याकडून यायची, आम्हा चौघांना फाट्यावर उचलायची आणि थेट पुण्याच्या पेठेत नेऊन सोडायची. चौघं म्हणजे पुढं हलगीवर मामा, त्याच्या मागं दुसऱ्या हलगीवर मी, सनईवर तात्या आणि एक ताशावाला. तात्याच्या तोंडात दात उरला होता एकच, तोही सनईला टेकू म्हणून देवानं ठेवलेला. ताशावाला जन्मात कुणाशी बोलला नव्हता. जे काय सांगायचं ते ताशावर सांगायचा, बायकोलाही.

हलगीवर बकरीचं कातडं असतं. पावसाळी हवेत ते सासुरवाडीला गेलेल्या जावयासारखं सैल पडतं. जाळावर धरलं की ताणतं, मग नुसती काडी टेकवली तरी खणकन बोलतं. किती तापवायचं ते मामाला हाताच्या तळव्याला कळायचं. त्याच्या हातून हलगी कधी करपली न्हाई, की फाटली न्हाई.

पुण्यात मामानं काय काय केलं ते सांगायला बसलो तर तुमचं जेवण राहील. एका मिरवणुकीत त्यानं असा तोडा घेतला की चौकातल्या पोलिसाची शिट्टी तालात वाजायला लागली आणि गाड्या आपोआप डावीकडून जायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरची एक आजी कैक वर्षं खाटेवरून उठली नव्हती. ती गॅलरीत येऊन नाचली आणि मग थांबेचना. गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदरानं हातातला लाडू खाली ठेवलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. तात्या म्हणतो, लाडू न्हाई, मोदक होता. तेवढा फरक मी मानतो.

पण इकडं आमच्या भागात हलगी संपली होती. लग्नाला डीजे, जत्रेला डीजे, पोळ्याला बैलसुद्धा डीजेच्या मागं कान पाडून चालायचे. हलगीला बोलावणं यायचं ते फक्त मयतीचं, आणि मामा मयतीला वाजवत नव्हता. म्हणजे उरलं एक पुणं. पुण्याची गाडी येते तोवर गावात मामा वस्ताद. न आली तर दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जाणारा एक म्हातारा. हे त्याला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं, आणि झारा घेतलेल्या त्या हॉटेलवाल्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो थोडा ओरडून आत गेला आणि चार चहा पाठवून दिले.

आता तुम्ही विचाराल, गाडी येणार का, हे आधी फोन करून विचारायचं की. मी पण तेच म्हणालो होतो. श्रावणात म्हणालो, पोळ्याला म्हणालो. मामा माझ्या अंगावरच आला. मंडळाच्या जुन्या अध्यक्षांनी पहिल्याच वर्षी भर मिरवणुकीत त्याच्या हलगीला मूठभर गुलाल लावला होता. हलगीला गुलाल लागला की आवतन कायमचं, ही आमची रीत. त्यानंतर बोलवायचंही नसतं आणि विचारायचंही नसतं. मी म्हणालो, मामा, ते अध्यक्ष मागच्या वर्षीच फोटोत गेले, आता पोरं कारभार बघतात. मामा म्हणाला, "गुलाल मंडळानं लावलाय. घरच्या लग्नाला कुणी पुसून जातं व्हय बे?"

तो गुलाल हलगीच्या कडेला अजून होता. मामी हलगी पुसायची तेव्हा तेवढी जागा सोडून पुसायची.

दुसरी रीत त्याहून वाईट. परगावी वाजवायला निघताना वेशीत एकदा कडकडाट करून गावाचा निरोप घ्यायचा. एकदा तो घेतला की न वाजवता माघारी वेशीतून आत यायचं न्हाई. त्या दिवशी सकाळीच आम्ही वेशीत असा निरोप वाजवला होता की चकलांब्यापर्यंतची कुत्री भुंकली असतील. शेजारणीनं मामाला कुंकू लावलं, मामीनं दशम्या बांधून दिल्या. गाव आमच्या मागं बंद झालं होतं आणि गाडी अजून आली नव्हती.

दुपार झाली. मांजरसुंब्याकडून पांढरी पिकअप दिसली की मामा हलगी जाळावर धरायचा. पिकअप जवळ यायची, तिच्यात कोंबड्या निघायच्या. पुन्हा एक दिसायची, पुन्हा हलगी जाळावर, तिच्यात सोफासेट. ते कातडं दिवसभर तापलं आणि निवलं, तापलं आणि निवलं. तात्या दशमी पाण्यात बुडवून चोखत होता. ताशावाल्यानं ताशावर दोनच ठोके मारले, 'न्हाई येत' असे, आणि ते आम्हाला सगळ्यांना कळले.

ऊन उतरल्यावर मी हॉटेलच्या मागं जाऊन मंडळातल्या एका कार्यकर्त्याला फोन लावला. पोरगा गुणाचा. दरवर्षी मामाच्या पाया पडायचा, मामाचं वाजवणं मोबाइलवर घ्यायचा. मामाही त्याला हौसेनं हात दाखवायचा: ही काडी अशी, हे बोट असं. मी नाव सांगताच तो खूश झाला. गाडीचं विचारलं तर गडबडला.

"अहो, यंदा आपलंच पथक उभं केलंय ना. तुम्हाला कुणी कळवलं नाही? थांबा, व्हिडिओ पाठवतो. मामांना दाखवा, मामांना फार आवडेल."

मोबाइल घेऊन मी जाळापाशी आलो. खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरत न्हाई, पण त्या वेळी तोंडात एक खोटं येईना. मी म्हणालो, "मामा, गाडी न्हाई यायची. त्यांनी त्यांचं पथक केलंय."

मामानं नुसता हात पुढं केला. मी त्यात मोबाइल दिला. दुसऱ्या हातातली हलगी जाळावर तशीच होती.

व्हिडिओत नदीकाठी पुलाखाली पोरं-पोरी उभ्या होत्या. पांढरे सदरे, डोक्याला फेटे, एकेकाच्या गळ्यात नवी कोरी हलगी. कुणी कॉलेजातलं असावं, कुणी नोकरीतलं. आमच्यासारख्या दोन हलग्या न्हाई, रांगच्या रांग. आणि वाजत होता मामाचा तोडा. मधे श्वास सोडायला जागा ठेवलेला, शेवटच्या ठोक्याला किंचित उशीर करणारा. तो उशीर मामाच्या मनगटात जुनं दुखणं होतं म्हणून व्हायचा. पोरांनी तोसुद्धा उचलला होता. खाली कार्यकर्त्यानं लिहिलं होतं, 'मामा, तुमचीच चाल', आणि पुढं हात जोडलेली दोन चित्रं.

मामानं तो एकदा पाहिला. मग पुन्हा पाहिला. तात्यानं विचारलं, कसं वाजवायलेत. मामा म्हणाला, "बराबर."

तेवढ्यात टप्प असा आवाज झाला. लई मोठा न्हाई, शेंग फुटल्यासारखा. हलगीचं कातडं मधोमध उभं चिरलं होतं आणि चिरेतून पलीकडचा जाळ दिसत होता. आजवर ज्याच्या हातून कातडं करपलं न्हाई, त्याचा हात जाळावर होता आणि ध्यान पुलाखाली. या ठिकाणी मी एक मोठी थाप ठेवून दिली असती, की त्या आवाजानं रस्त्यावरच्या गाड्या जागीच थांबल्या. पण एकही थांबली न्हाई. कोंबड्यांची एक पिकअप तेवढी गेली.

मी माझी हलगी मामापुढं धरली. म्हणालो, फाट्यावरच वाजवू, रीत तरी पुरी होईल, मग वेशीतून जाता येईल. मामानं ती हातात घेतली, उलटी केली, कड बघितली. गुलाल नव्हता. माघारी दिली. हॉटेलवाला बाहेर आला, बादलीभर पाणी आणून जाळावर ओतलं, आणि या खेपेला तो ओरडला न्हाई.

आम्ही वेशीतून गेलो न्हाई. ओढ्याच्या अंगानं, बाभळी चुकवत, चोरासारखे गावात शिरलो. तात्या त्याच्या बोळात वळला, ताशावाला त्याच्या. मी मामासोबत त्याच्या दारापर्यंत गेलो. मामी चुलीपुढं ताट घेऊन बसली होती. तिनं हलगीकडं पाहिलं आणि तोंडातला घास गिळला. मामानं फाटकी बाजू भिंतीकडं करून हलगी खुंटीला लावली, हातपाय धुतले, चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "भाकर वाढ."

मामी म्हणाली, "न्हाई. माझ्यापुरतीच केलती."