ओतलेला हंडा

हे मी बायकोलाही स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं नाही.

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला साहेबांचा बंगला. मी तिथं वॉचमन. वैशाखातली दुपार होती, पाहुणे जेवून व्हरांड्यात बसले होते. एक म्हातारी कुंपणाच्या तारेखालून भरलेला जर्मनचा हंडा बाहेर सरकवत होती. साहेबांनी मला बोलावलं.

"ही कोण रे? तुझ्या वाडीची?"

"न्हाई साहेब. वळखत न्हाई."

"मग ओत तो हंडा. आज हिला सोडलं तर उद्या अख्खी कातकरवाडी बाउंड्रीत येऊन बसेल."

"पाणी न्यायला येतात म्हणजे आंघोळ करतात वाटतं," एक पाहुणा म्हणाला. सगळे हसले.

ती माझी आई होती.

तिनं माझ्याकडं पाहिलं. हंडा स्वतःच पुढं केला. "वता, वॉचमन. तुमचं काम हाय ते."

पोटच्या पोराला तुमी म्हणाली. माझी नोकरी राहावी म्हणून. मी ओतला. तापल्या मुरमात पाणी दिसेनासं झालं.

ती पाणी भरायची तो कुंपणाआतला झिरा तिनंच खणलेला. दर उन्हाळ्यात ओढ्याची वाळू उपसायची, पाणी साऱ्या वाडीचं. कुंपण घालताना झिरा आत जातोय हे मला दिसत होतं. खड्डे मीच पहारीनं पाडले. खांब मीच रोवले. पगार चालू होता, गप्प बसलो.

बाउंड्री हा शब्द मी साहेबांकडून शिकलो. आमच्यात बांध असतो, त्यावर बसून दोन्ही शेतांतली माणसं भाकरी खातात. शीव असते, लेकीला सासरी धाडताना वाडी तिथवर चालत जाते. तिथं माणसं भेटतात, रडतात, वळून बघतात. माणूस बाहेर राहावा म्हणून आखलेली रेघ आमच्या बोलीत नव्हती. ती मी पहारीनं आणली.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारची पोटुशी सून हंडा घेऊन आली. साहेबांनी मला पुन्हा ओतायची खूण केली.

"न्हाई वतायचा," मी म्हणालो.

"काय?"

"न्हाई वतायचा. आन् मागली म्हातारी माझी आय व्हती."

साहेबांनी गेटकडं बोट केलं. मग म्हणाले, "युनिफॉर्म काढून ठेव."

गेटवरच काढला. बनियनवर वाडीत गेलो.

आता तिथं दुसरा वॉचमन आहे, लांबच्या मुलखातला. तारेच्या आत भिंत आली. बायका रस्त्याला टँकरची वाट बघत बसतात. ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या, कुणी दाद दिली नाही.

आई थकलीय. त्या दुपारबद्दल एक अक्षर बोलली नाही. पण मला अजून तुमीच म्हणते. "जेवला का तुमी?" तेवढं ऐकलं की मी ताट सारून उठतो.

पहार घरातच आहे. वाडीतल्या बाकीच्यांनाही सांगितलंय, भिंत फोडायला दिवसाउजेडी जायचं, सगळ्यांच्या देखत. धरून नेलं तर नेऊ देत.

आईचा एक हंडा पाणी मी देणं लागतो. त्याच झिऱ्याचं.